भिंतीतली मोकळी वाट

सातारा, सांगली, कोल्हापूरकडे कुठल्याही गावातून जाताना घरांच्या गच्च्यांकडे बघा. रंग देऊन झालेल्या, माणसं राहायला येऊन वर्षं लोटलेल्या घरांच्या कॉलमच्या सळया गच्चीतून हात-दोन हात वर आलेल्या दिसतात. गंजू नयेत म्हणून कुणी त्यांच्यावर सिमेंटचा पातळ हात फिरवलेला असतो, कुणी फडकं गुंडाळलेलं असतं. धाकट्याचं लग्न ठरलं की वर मजला चढवायचा, असं घरात कधीच ठरून गेलेलं असतं. आज पैसे नसले तरी उद्याची सोय आज करून ठेवावी, हे आपल्याकडे घर बांधणाऱ्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

त्याच घरात आत जाऊन वायरिंग बघितलं की ही समज कुठे गेली असा प्रश्न पडतो. डीबीत, म्हणजे सर्किटं जिथून वाटली जातात त्या पेटीत, एकही घर रिकामं नसतं. पाइपात वायरी इतक्या ठासलेल्या असतात की नवी एक ओढायला जावं तर जुनीचं कव्हर सोलून निघेल. मीटरपासून गच्चीपर्यंत जाणारा मोकळा पाइप शोधूनही सापडत नाही. मग खरोखरच वर मजला चढतो तेव्हा सळयांना सळया जोडून कॉलम सरळ वर जातात आणि वीज मात्र जिन्याच्या भिंतीवर पट्टी ठोकून, खिडकीच्या चौकटीला भोक पाडून वर न्यावी लागते.

हे पुस्तक त्या मोकळ्या पाइपाबद्दल आहे. घरात किती पॉइंट घ्यावेत, कुठल्या कंपनीचे स्विच बसवावेत हे सांगणारे पुष्कळ भेटतात. वीस वर्षांनी या घरात कोणतं यंत्र येईल, हे मात्र कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. पण ते यंत्र कोणतंही असलं तरी त्याला लागणारी वायर कुठून तरी यावी लागेल, आणि ती ज्या वाटेने येईल ती वाट भिंत उघडी असतानाच करता येते. वायर केव्हाही बदलता येते. जुनी उपसून त्याच पाइपात जाड वायर घालणं हे दोन माणसांचं एका दुपारचं काम आहे. पाइपच नसेल किंवा अरुंद असेल, तर तेच काम गवंडी, रंगारी आणि फरशीवाला या तिघांच्या अंगावर जातं. यंत्रांचा अंदाज बांधण्यात डोकं शिणवू नका, वाट मोठी ठेवा. या पुस्तकातलं बाकी सगळं या सांगण्याचा तपशील आहे.

आपल्याकडच्या घरांत वायरिंग कसं बदलत गेलं हे पाहिलं की ही अडचण कशी आली ते कळतं. पूर्वी भिंतीवर लाकडी पट्टी ठोकायची, तिच्यावर क्लिपांनी वायर बसवायची, टोकाला लाकडी गोल ठोकळा आणि त्यावर काळा बेकेलाइटचा स्विच. दिसायला ते बरं नव्हतं, धूळ बसायची, रंग देताना पट्टी चुकवावी लागायची. पण नवा पॉइंट हवा असला तर वायरमन शिडी आणि हातोडी घेऊन यायचा, आणखी एक पट्टी ठोकायचा आणि संध्याकाळी दिवा लागायचा. ते वायरिंग उघडं असल्यामुळेच वाढवता येत होतं. त्यानंतर कन्सील्ड वायरिंगचे दिवस आले. भिंती स्वच्छ दिसू लागल्या, आणि वाढण्याची ती जुनी सोय गिलाव्याखाली गेली. वायरिंग भिंतीत पुरायचं असेल तर वाढीची जागाही सोबत पुरावी लागते, ही अट त्या बदलाबरोबर यायला हवी होती. ती आली नाही. पट्टीच्या काळातला हिशेब, म्हणजे आज जेवढं लागतं तेवढंच घालायचं, हा तसाच भिंतीत गेला.

पहिला फटका बसला तो लोडशेडिंगच्या वर्षांत. घरोघरी इन्व्हर्टर आले. इन्व्हर्टरवर काय चालवायचं आणि काय नाही हे वेगळं काढायचं, तर दिवे-पंखे आणि जड यंत्रं यांची सर्किटं मुळात वेगळी हवीत, त्यांचे न्यूट्रलही वेगळे हवेत. बहुतेक घरांत एका खोलीचं सगळं एकाच लूपवर होतं. त्यामुळे हॉलमधला एक पंखा आणि दोन दिवे चालावेत म्हणून इन्व्हर्टरपासून पांढरी केसिंग-कॅपिंग पट्टी भिंतीभर फिरवावी लागली. कन्सील्ड वायरिंगच्या घरांत भिंतीवर पट्टी पुन्हा आली ती अशी.

घरातला विजेचा भार वाढला हे सगळेच सांगतात. तो कुठे वाढला हे बघायला हवं. दिव्यांचा भार वाढलेला नाही, चांगलाच घटला आहे. ६० वॅटच्या बल्बच्या जागी ९ वॅटचा एलईडी आला. ७५ वॅटच्या पंख्याच्या जागी तीसेक वॅटचा बीएलडीसी पंखा येतो आहे. चार बल्ब, तीन पंखे, एक रेडिओ आणि एक इस्त्री असं एके काळचं घर धरलं तर सगळं एकदम चालवूनही दीड किलोवॅटच्या आसपास जाईल, म्हणजे २३० व्होल्टला सहा-साडेसहा अँपिअर. आता दीड टनाचे दोन एसी, दोन किलोवॅटचा गीझर, दोन किलोवॅटची इंडक्शन शेगडी, मायक्रोवेव्ह आणि पाण्याची मोटर यांची बेरीज करा. नऊ किलोवॅट होतात, चाळीस अँपिअर. हे सगळं एका वेळी चालत नाही हे खरं, पण उन्हाळ्यातल्या रात्री आठच्या सुमाराला यातलं बरंच चालू असतं. म्हणजे वाढ घरभर सारखी झालेली नाही. स्वयंपाकघर, न्हाणीघर, झोपायच्या खोल्या आणि आता गाडी लावायची जागा, अशा चार-पाच ठिकाणी ती मोठमोठ्या ढेकळांनी येऊन पडली आहे. खोलीत चार जादा प्लग घेतले म्हणजे उद्याची सोय झाली, असं समजणाऱ्याला हे दिसत नाही. चार जादा प्लग एकाच अडीचच्या वायरीवर असतील तर ते चार दरवाजे एकाच अरुंद बोळात उघडतात.

अडीचची म्हणजे अडीच स्क्वेअर एमएमची. पाइपातून नेलेली तांब्याची दीडची वायर साधारण १३ अँपिअर, अडीचची १८, चारची २४ आणि सहाची ३१ अँपिअरपर्यंत निर्धास्त वाहते. बाहेरची उष्णता, एका पाइपात किती वायरी आहेत आणि वायरीचं कव्हर कशाचं आहे यावर हे आकडे थोडे खालीवर होतात. वायरीत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. म्हणून दहा-बारा अँपिअरला कोमट राहिलेली वायर वीस-बावीसला भाजते, आणि भिंतीत पुरलेली असेल तर ती भाजते आहे हे कुणाला कळतही नाही.

हे मी पाहिलेलं आहे. एका घरात स्वयंपाकघरातल्या बोर्डावर आधी मिक्सर आणि फ्रिज होता. पुढे त्यावर इंडक्शन आली, नंतर पाणी तापवायची किटली. एमसीबी वारंवार पडायला लागला तेव्हा कुणीतरी १६ अँपिअरचा काढून ३२ चा बसवला. पडायचा थांबला. घरातल्यांना वाटलं, दुरुस्ती झाली. काही महिन्यांनी बोर्डाच्या कडेला पिवळसर डाग दिसू लागला आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास यायला लागला. प्लेट काढली तर सॉकेटच्या मागचा फेजचा स्क्रू काळा पडलेला, वायरीचं कव्हर टोकाकडे ठिसूळ होऊन बोटाने निघत होतं. आग लागली नाही हे नशीब. एमसीबी वायर वाचवण्यासाठी असतो. त्याचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरतो, यंत्राच्या भुकेवरून नाही. तो वारंवार पडत असेल तर घर आपल्याला सांगत असतं की इथे नवी, जाड, वेगळी लाइन हवी. आणि त्या घरात ती लाइन नेता येत नव्हती, कारण बोर्डापर्यंत आलेला पाइप आधीच गच्च भरलेला होता. सगळं दुखणं शेवटी तिथे येऊन थांबतं.

त्यामुळे पाइपाबद्दल या पुस्तकात भरपूर लिहिलं आहे, काहींना ते जास्तही वाटेल. वीस एमएमच्या पाइपाऐवजी पंचवीसचा घातला तर व्यास सव्वापट होतो, पण आतली जागा दीडपटीहून जास्त वाढते. पैशातला फरक मात्र घराच्या खर्चात दिसतसुद्धा नाही. तरीही मुख्य वाटांवर पंचवीसचा पाइप मागणारे घरमालक विरळा. पाइप भरताना आतली निम्म्याहून अधिक जागा मोकळी राहिली पाहिजे, कारण वायर ओढायला आणि उष्णता जायला दोन्हीसाठी ती लागते. दोन बेंडांनंतर मध्ये बॉक्स हवा. काटकोनातला एल्बो आणि लांब वळणाचा बेंड यांतला फरक घर बांधताना कुणाच्या लक्षात येत नाही, पण पंधरा वर्षांनी वायर ओढणाऱ्याच्या हाताला तो पहिल्या झटक्यात कळतो. आणि जो पाइप आज रिकामा सोडला आहे त्यात नायलॉनची दोरी ओवून दोन्ही टोकांना गाठ मारून ठेवावी.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम स्लॅबच्या आदल्या दिवशी होतं. सेंट्रिंगवर सळयांची जाळी बांधून झालेली असते. ऊन वर आलेलं असतं, लोखंड तापलेलं असतं, आणि वायरमनची दोन पोरं उकिडवी बसून जाळीतून पाइप सरकवत, बाइंडिंगच्या तारेने सळईला बांधत पुढे सरकत असतात. फॅन बॉक्समध्ये ओला कागद कोंबून तोंडाला चिकटपट्टी लावतात, म्हणजे काँक्रीटचं दूध आत जात नाही. सळया बांधणाऱ्यांना घाई असते, ठेकेदार उद्याच्या मिक्सरचं बोलत असतो, घरमालक नारळ-पेढ्यांच्या व्यवस्थेत असतो. या दोन-तीन तासांत जे पाइप पडतात तेच त्या घराला जन्मभर पुरवावे लागतात. त्या दिवशी घरमालकाने नकाशा हातात घेऊन तिथे उभं राहावं, एसीच्या जागा, पंख्याच्या जागा, गच्चीवर जाणारा पाइप मोजून घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नंतर चार इंची भिंतीला आडवी झिरी मारली तर भिंत दुबळी होते. कॉलम आणि बीम तर पाइपासाठी कधीच फोडायचे नसतात. राहून गेलेल्या पाइपासाठी ते फोडलेले मी पाहिले आहेत, म्हणून इतक्या जोराने लिहितो आहे.

यात वायरमनला दोष देऊन भागणार नाही. आपल्याकडे वायरिंगची मजुरी बहुधा पॉइंटवर ठरते. दिव्याचा एक पॉइंट अमुक, पॉवरचा एक पॉइंट तमुक. मोकळ्या पाइपाला पॉइंट नसतो. डीबीत सोडलेल्या रिकाम्या घराला पॉइंट नसतो. खोलीसाठी डीबीपासून स्वतंत्र लाइन आणली काय आणि शेजारच्या बोर्डावरून लूप घेतला काय, पॉइंट तेवढेच. मग तो लूप घेतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही, कारण दुसऱ्या कामाचे पैसे त्याला कुणी दिलेलेच नाहीत. आयटीआयमध्ये दोन वर्षं शिकलेल्या मुलाला दिव्यांच्या सर्किटवर दहा पॉइंट किंवा ८०० वॅट ही मर्यादा पाठ असते, पण साइटवर तो ती पाळू शकेल असा दरच त्याला मिळत नाही. पॉइंटच्या दराबरोबर मोकळ्या पाइपाचा लांबीच्या मीटरवर दर आणि स्वतंत्र सर्किटचा वेगळा दर कामाच्या करारात लिहून घ्यावा. त्याचा एक नमुना पुस्तकात दिला आहे. लाख-लाख रुपयांच्या फरशीची आवडनिवड करणाऱ्या माणसाला हा खर्च जड जाणार नाही.

डीबीबद्दल थोडक्यात. आज आठ सर्किटं लागत असतील तर बाराची डीबी घ्या. करंटची गळती झाली की वीज तोडणाऱ्या तीस मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर काटकसर नको. दिवे, पंखे, फ्रिज आणि इंटरनेटचा राउटर अशी वीज गेल्यावरही चालावीशी वाटणारी सर्किटं पहिल्या दिवसापासून एका बाजूला, स्वतःच्या न्यूट्रलसह ठेवा. आज इन्व्हर्टर नसला तरी चालेल. एका सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्याला उसना दिला की पुढे इन्व्हर्टर, आरसीसीबी यांपैकी जे काही बसवाल ते कुरकुर करतं. पुढेमागे थ्री फेज घ्यायची शक्यता असेल तर जड सर्किटं तीन गटांत वाटता येतील अशी मांडणी आजच करावी. स्विचच्या प्रत्येक बॉक्समध्ये न्यूट्रलची एक वायर आणून टोकाला टेप लावून ठेवावी. मोबाइलवरून चालणाऱ्या बऱ्याच स्विचांना ती लागते, आणि ज्या बॉक्समध्ये नुसते स्विच आहेत, प्लग नाही, तिथे ती नेमकी नसते. इंटरनेट आणि कॅमेऱ्यांच्या केबलसाठी पाइप वेगळा असावा, विजेच्या वायरींबरोबर त्या घालू नयेत.

गाडी आणि सूर्य, या दोन गोष्टींनी गेल्या काही वर्षांत घराच्या वायरिंगचा नकाशाच बदलला आहे.

विजेवरची मोटार घरच्या १६ अँपिअरच्या प्लगवर ३.३ किलोवॅटने चार्ज करता येते. इस्त्री किंवा गीझरही जड करंट घेतो, पण काही मिनिटं. गाडी तो रात्रभर घेते. सॉकेटमधली थोडीशी सैल पकड गीझरला चालून जाते, गाडीला चालत नाही. भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा चार्जर तासन् तास ३१-३२ अँपिअर ओढतो. वर दिलेल्या आकड्यांत सहाची वायर इथे काठावर येते, म्हणून मी दहाची सांगतो, अंतर जास्त असेल तर नक्कीच. अशी लाइन घरातल्या कुठल्याही सर्किटवरून न घेता थेट मीटरजवळून जावी लागते. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवण्याआधी मीटरपासून पार्किंगपर्यंत चाळीस एमएमचा पाइप जमिनीखालून टाकून ठेवला तर पुढे काही उकरावं लागणार नाही. फ्लॅटमध्ये हे एकट्याच्या हातात नसतं. केंद्र सरकारने २०१९ मध्ये नमुना बांधकाम नियमावलीत दुरुस्ती करून नव्या इमारतींतल्या २० टक्के पार्किंगला चार्जिंगची तयारी ठेवण्याची तरतूद केली. जुन्या सोसायट्यांना मात्र मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत सामायिक केबल ट्रे बसवण्याचा निर्णय सभेत घ्यावा लागेल. पहिल्या गाडीवाल्याने स्वतःची वायर छताला टांगत नेण्याआधी तो घेतलेला बरा.

छतावरच्या सौरऊर्जेत वीज उलट्या दिशेने येते, गच्चीवरून खाली. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, त्यामुळे तालुक्याच्या गावांतही पॅनेल दिसू लागली आहेत. किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट सावलीविरहित गच्ची लागते आणि महाराष्ट्रात त्यातून दिवसाला सरासरी चारेक युनिट मिळतात. पाण्याची टाकी दक्षिणेला बांधली की तिची सावली पॅनेलवर पडते, म्हणून टाकीची जागा ठरवताना हा विचार व्हावा. पॅनेलपासून मीटरजवळच्या इन्व्हर्टरपर्यंत डीसीच्या वायरी आणि अर्थिंग उतरवायला स्वतंत्र पाइप लागतो. तो नसला की घराच्या दर्शनी भिंतीवरून पाइप खाली येतो, जसा आज गल्लोगल्ली दिसतो. आणखी एक गोष्ट पुष्कळांना पॅनेल लागल्यावर कळते. साधा ऑन-ग्रिड संच वीज गेली की भर उन्हातही बंद पडतो, कारण लाइनवर काम करणाऱ्या माणसाला आपल्या घरातून वीज जाऊ नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. बॅटरीचा संच पुढे घ्यायचा असेल तर वर सांगितलेली वेगळी सर्किटं तिथे कामाला येतात.

अर्थिंगचा विषय लोक शेवटी उरकतात. सौर संचाला स्वतःचे अर्थिंगचे खड्डे लागतात, आकाशातून पडणाऱ्या विजेसाठीच्या वीजरोधकाचा त्यात वेगळा. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी हात-दोन हातांवर मुरूम आणि खाली काळा पाषाण. अशा जमिनीत ओल टिकत नाही, आणि ओल नसेल तर अर्थिंग नावापुरतंच उरतं. घराभोवती फरशी बसण्याआधी, पाया खणायला मशीन आलेलं असतानाच दोन-तीन खड्डे जादा काढून घ्यावेत. बाथरूमच्या किंवा बागेच्या बाजूला घेतले तर ओल आपोआप राहते.

पुस्तकातली प्रकरणं घर बांधण्याच्या क्रमाने लावली आहेत: आधी जमीन आणि मीटरची जागा, मग स्लॅब, भिंती, गिलावा, शेवटी डीबी आणि स्विच. ते सलग वाचायलाच हवं असं नाही. ज्यांचं घर जुनं आहे त्यांच्यासाठी शेवटचं प्रकरण आहे. भिंती न फोडता काय करता येईल आणि कशासाठी फोडाव्याच लागतील, हे त्यात आलं आहे. गिलावा होण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवायला मी वारंवार सांगितलं आहे. फोटोत कोपऱ्यापासून मोजपट्टी धरलेली दिसली पाहिजे, म्हणजे पुढे खिळा ठोकणाऱ्याला पाइप कुठे आहे ते इंचात कळेल. त्या फोटोंच्या प्रती आणि सर्किटांचा नकाशा डीबीच्या झाकणाच्या आत ठेवा. घर विकलंत तर नव्या मालकाच्या हातात किल्ल्यांबरोबर तेही द्या.

ज्यांचा स्लॅब आठ-पंधरा दिवसांवर आला आहे त्यांनी प्रस्तावना इथेच सोडून थेट दुसरं प्रकरण उघडावं. त्यातला तक्ता मोबाइलवर फोटो काढून वायरमनला आज रात्रीच पाठवा, कारण पाइपाचं सामान तो उद्या-परवा आणेल, आणि एकदा वीसचे पाइप साइटवर येऊन पडले की मग कुणी ते परत पाठवत नाही.